रिकामे भांडे

बॉस्टनच्या एका उपनगरात आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच नोव्हेंबरात शेजारच्या आजींनी भोपळ्याचा पाय आणून दिला. (‘पाय’ हा शब्द मराठीत लिहिताना अंमळ संकोच होतो, पण त्याला इलाज नाही.) पाय दोन दिवसांत संपला आणि मागे उरली ती काचेची पसरट, कडेला चुण्या असलेली थाळी. ती घासूनपुसून मी ओट्यावर ठेवली, आणि तिथेच घोडे अडले. शेजारचे भांडे रिकामे परत करायचे नसते, हे मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही. परंतु आमची आई शेजारच्यांची वाटी परत करताना तिच्यात निदान चमचाभर साखर तरी घालत असे, आणि महिनाअखेरीस घरातला साखरेचा डबा तळाला गेलेला असला तरी तो चमचा चुकत नसे.

भोपळ्याची फेड भोपळ्यानेच करावी, असे ठरवून मी घारगे केले. किसलेला लाल भोपळा गुळात शिजवला, त्यात मावेल तेवढी कणीक आणि मूठभर तांदळाचे पीठ घातले, आणि शेवटी जायफळ किसताना लक्षात आले की आजींच्या पायालाही हाच वास होता. दोन्ही घरांच्या भोपळ्यांनी एकमेकांना न विचारता जायफळाशी सोयरीक केली होती. थाळी घेऊन गेले तेव्हा आजी दारातच थबकल्या. थाळीची काही घाई नव्हती, आणि हे कशासाठी, असे त्यांनी विचारले, आणि मग तीनदा ‘थँक यू’ म्हणाल्या. पाय घेताना मी ते एकदाच म्हटले होते, आणि तेही परीक्षेत पाठ केलेले उत्तर द्यावे तसे.

आपल्याकडे या भावनेला शब्द नाहीत असे नाही, पण जे आहेत ते घरात वापरण्याजोगे नाहीत. ‘आभार’ हा सभागृहातला शब्द. कार्यक्रमाच्या शेवटी चिटणीस आभारप्रदर्शनासाठी ध्वनिक्षेपकापाशी आले, की श्रोते पायांनी खुर्चीखालच्या चपला चाचपू लागतात. ‘धन्यवाद’ पत्राच्या तळाशी शोभतो. राहिला ‘थँक्यू’, तर तो मी एकदा दूरध्वनीवर आईला म्हटला होता. तिने कुरिअरने पाठवलेले मेतकूट मिळाले, एवढेच निमित्त होते. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग ती म्हणाली, “थँक्यू काय म्हणतेस? मी काय परकी आहे?” तिचा राग खोटा नव्हता. आभार मानणे म्हणजे हिशेब मिटवणे, आणि हिशेब मिटला की नाते संपले, असे काहीसे तिच्या मनात असावे. पंगतीतून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणणारे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्यांना रीतसर सांगणारे आपले लोक; पण घरच्या माणसाला मात्र तोंडावर काही म्हणायचे नाही.

इथे याच्या नेमके उलट. बसमधून उतरणारी बहुतेक माणसे चालकाला ‘थँक यू’ म्हणून उतरतात, दार धरून ठेवणाऱ्याला म्हणतात, दुकानदार आणि गिऱ्हाईक तर एकमेकांना म्हणतात. सुरुवातीला मला हा सगळा वरवरचा प्रकार वाटत असे. पुढे जिभेला सवय इतकी लागली की पुण्याला सुट्टीवर गेले असताना बसमधून उतरता उतरता वाहकालाही ‘थँक यू’ म्हणून गेले. त्याने चमकून माझ्याकडे पाहिले, हात नकळत चामड्याच्या पिशवीत घातला आणि विचारले, “सुटे राहिलेत का ताई तुमचे?”

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, थँक्सगिव्हिंग 27 नोव्हेंबरला आले आणि तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. गुरुवारचा हा मान थँक्सगिव्हिंगला बराच जुना आहे. यादवी युद्ध ऐन भरात असताना, 1863 मध्ये, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर आभाराचा दिवस म्हणून पाळावा असे जाहीर केले, आणि 1941 च्या कायद्याने तो चौथा गुरुवार झाला. आमच्या घरी त्या सकाळी कलश मांडला. बाहेर एकाही झाडावर पान नसल्यामुळे डहाळ्यांची हौस भारतीय दुकानातल्या विड्याच्या पानांवर भागवावी लागली. खिडकीतून पाहते तो सात-आठ रानटर्की रस्ता ओलांडत होत्या, अगदी सावकाश, आणि दोन्ही बाजूंच्या मोटारी त्यांच्यासाठी थांबल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधून हा पक्षी पार नाहीसा झाला होता. 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमधून 37 पक्षी आणून सोडले, त्यांचा आजचा हा पसारा. निदान त्या दिवशी तरी त्यांनी इतके निर्धास्त असू नये, असे मला वाटून गेले.

संध्याकाळी देवीला नैवेद्य दाखवून, उपास सोडण्यापुरते चार घास खाऊन आम्ही आजींकडे जेवायला गेलो. टर्की टेबलाच्या त्या टोकाला होती. या टोकाला आमच्यासाठी कुस्करलेले बटाटे, फरसबी आणि क्रॅनबेरीचे गोड सॉस ठेवले होते. जेवणाआधी प्रत्येकाने, आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत, ते सांगायचे असते. आरोग्य, कुटुंब, नवी नोकरी असे करत पाळी माझ्यापर्यंत आली. मला मोठे काही सुचेना, म्हणून जे आठवले तेच सांगितले: जानेवारीत मोठा बर्फ पडला, यजमान गावाला गेलेले होते आणि माझा पाय मुरगळलेला होता, तेव्हा आजींच्या नातवाने सकाळी सहा वाजता, कोणी न सांगता, आमच्या पायऱ्या फावड्याने मोकळ्या केल्या होत्या. मी आतून फावड्याचा खरवडल्यासारखा आवाज ऐकला आणि खाली येईपर्यंत तो निघूनही गेला होता. हे ऐकून सगळे त्याच्याकडे वळले. दिवसातून पन्नास वेळा ‘थँक यू’ म्हणणारा आणि ऐकणारा तो सतरा वर्षांचा मुलगा कानापर्यंत लाल झाला, ताटात पाहू लागला आणि पुटपुटला, की त्यात काय एवढे. हुबेहूब माझी आई. सुट्ट्या पैशांसारखे रोजचे आभार इथे हातोहात खपतात, पण मोठी नोट काढली की घेणारा इथेही गडबडतो.

थँक्सगिव्हिंगची कथा जिथली सांगतात ते प्लिमथ आमच्यापासून मोटारीने तासाभरावर आहे. इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या 102 प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांना तिथल्या मूळ रहिवाशांपैकी टिस्क्वांटम नावाच्या माणसाने मक्याच्या आळ्यात मासे पुरून पेरणी करायला शिकवले, आणि 1621 मध्ये पीक हाती आल्यावर जे जेवण झाले, त्याला तिथल्याच वांपनोआग या मूळ रहिवासी लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे 90 माणसांनिशी आला आणि तीन दिवस राहिला. ती मंडळी रिकाम्या हातांनी जेवली नाहीत. त्यांनी पाच हरणे मारून आणली. या भांड्याची परतफेड कशी झाली, ते शाळेतल्या नाटुकल्यात दाखवत नाहीत. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम 1676 मध्ये इंग्रजांबरोबरच्या युद्धात मारला गेला आणि त्याची अनेक माणसे गुलाम म्हणून विकली गेली. प्लिमथच्याच टेकडीवर मूळ रहिवासी 1970 पासून याच गुरुवारी शोकदिन पाळतात. आजींनी मला हे स्वतःहून सांगितले, आणि सांगताना त्या टेबलावरचे बशा-चमचे उगाच सारखे करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे गाव खरेदीला लोटले, तेव्हा मी क्रॅनबेरीचे लोणचे घातले. ही फळे मोसमात 340 ग्रॅमच्या पिशव्यांतून मिळतात. धुऊन पंचावर कोरडी करून चिरली, की आत हवेच्या चार पोकळ खणांचा नक्षीदार छेद दिसतो. या हवेमुळेच ती पाण्यावर तरंगतात, आणि शेतकरी वाफ्यात पाणी सोडून ती गोळा करतात. आंबट आणि तुरट अशी दोन्ही अंगे असल्यामुळे मोहरीच्या डाळीबरोबर गूळ सढळ हाताने घालावा लागतो. आजींनी आदल्या रात्री उरलेला पाय काचेच्या थाळीसकट आमच्या हातात दिला होता. म्हणून लोणचे मी स्टीलच्या डब्यात भरून पोचते केले, थाळी नंतर भरून देईन असे म्हणून.

आठवड्याने आजी दारात उभ्या. डबा मात्र त्यांनी आणला नव्हता. लोणचे अजून शिल्लक आहे, शिवाय डबा रिकामा कसा आणायचा ते मला ठाऊक आहे, असे म्हणून त्यांनी फक्त, ती पिवळी डाळ कुठल्या दुकानात मिळते, एवढे विचारून घेतले. त्यांची थाळी अजून माझ्या ओट्यावर आहे.