फक्कीची रेघ

सोमवार, रात्री साडेदहा

शनिवारच्या बॅडमिंटनमधल्या त्या एका शटलाबद्दल लिहून टाकल्याशिवाय आज झोप येईल असे वाटत नाही. गोष्ट इतकी लहान आहे की कोणाला सांगावी तर ऐकणारा हसेल. आईला सांगून पाहिले, ती हसली नाही, पण भाकरी थापता थापता तिने एवढेच विचारले, "मग चहा कोणी पाजला?" तिला दुखरी जागा कशी सापडते कोण जाणे. चहा सरांनी पाजला होता.

तिसरा गेम, आम्ही १९, ते २०. सरांनी उंच टोलवलेले शटल माझ्या डोक्यावरून मागे गेले, आपण पोचत नाही हे मला वळतानाच कळले, आणि मी ते पडताना नुसता पाहत राहिलो. "आऊट," मी म्हणालो. माझा आवाज माझ्या डोळ्यांच्या आधी निघून गेला, असे दोन दिवस मी स्वतःला सांगत आलो आहे, आणि गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तर निभावलेही असते. परंतु शटल उचलण्यासाठी वाकलो तेव्हा मातीने तपकिरी झालेल्या बुचाच्या कडेला नखाएवढी पांढरी फक्की लागलेली मला दिसली. ती मी अंगठ्याने पुसली, आणि अंगठा पँटला पुसला. नेटच्या पलीकडून सर म्हणाले, "तू म्हणतोस तर आऊट," आणि गुडघा चोळत आपल्या जागी जाऊन उभे राहिले. पुढचे दोन्ही गुण आम्ही घेतले, २२-२० ने जिंकलो, आणि हरलेल्या जोडीने खाऊ घालायचे या आमच्या जुन्या ठरावाप्रमाणे सरांनी पाकीट काढले. वडापाव मी दोन खाल्ले.

खोटे मी यापूर्वीही बोललो आहे, ऑफिसात तर त्याला खोटे म्हणण्याचीही पद्धत नाही. त्याने माझी झोप कधी गेली नव्हती. हा अंगठा मात्र सारखा समोर येतो. तोंडातून निसटलेल्या शब्दाला घाईची सबब असते, परंतु पुरावा पुसणाऱ्या बोटाला कोणती घाई झाली होती?

सबबी मी शोधल्या नाहीत असे नाही. शनिवारी दुपारभर मी माझा वकील होतो. बॅडमिंटनच्या नियमाप्रमाणे रेघ ४० मिलिमीटर रुंद असते आणि ती आतच धरली जाते, हे मला पाठ आहे. परंतु आमच्या मैदानावरची रेघ फक्कीची, ती मारणाऱ्याच्या हाताप्रमाणे कुठे दोन बोटे तर कुठे चांगली पाच बोटे रुंद. तेव्हा शटल जिथे पडले तिथे रेघ नियमापेक्षा बाहेर पसरलेली असेल, तर शटल रेघेवर असूनही न्यायाने बाहेरच होते, असा युक्तिवाद मी रचला. तो रचून झाल्यावर मला स्वतःचे कौतुकही वाटले. बायबलातले शास्त्री आणि परूशी, म्हणजे नियमाच्या अक्षरावर बोट ठेवणारे ते धर्मपंडित, यांच्याविषयी मी मंडळीत एवढे बोलतो, पण ती माणसे किती हुशार असली पाहिजेत हे मला त्या दुपारी कळले.

आणि हे सारे शुक्रवारनंतर घडावे! शुक्रवारी तरुण संघात मी 'खेळ आणि ख्रिस्ती जीवन' या विषयावर चाळीस मिनिटे बोललो होतो. हा खेळ पूर्वी आमच्याच गावच्या नावाने, 'पूना' म्हणून ओळखला जाई, हे सांगून मुलांना हसवले. मग बायबलातला, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय काढला. करिंथाजवळच्या शर्यतीत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट घालत, तो काही दिवसांत सुकून जाई, म्हणून पौल अविनाशी मुकुटाची गोष्ट करतो, हे सगळे रंगवून सांगितले. चिकाटी, सराव, संयम, संघभावना असे धडे मी वाण्याने पुड्या बांधाव्यात तसे बांधून दिले. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आपण आपले शरीर 'कुदलतो' म्हणतो, कारण दुसऱ्यांना घोषणा केल्यावर कदाचित आपण स्वतःच 'पसंतीस न उतरलेला' ठरू अशी त्याला भीती आहे. ते वचन मी वाचले होते, परंतु वेळ संपत आली होती म्हणून त्यावर बोललो नाही.

काल महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. दानाची पिशवी फिरवण्याची पाळी नेमकी माझी. आपला भाऊ आपल्याविरुद्ध काही मनात धरून आहे हे वेदीपाशी आठवले तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे. परंतु दान देणाऱ्याला नव्हे, तर ते गोळा करणाऱ्यालाच आठवले तर त्याने काय करावे, याचा उल्लेख मला सापडत नाही. तिसऱ्या बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला सर बसतात. त्यांनी दानाचे पाकीट पिशवीत टाकले, माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि मी पुढच्या बाकाकडे गेलो. नंतर भाकर घेतली. घेऊ नये असे वाटत होते, पण देवळाच्या पंचकमिटीचा माणूस जागेवरच बसून राहिला तर मागच्या बाकांवरून किती प्रश्न येतील, हा विचारही त्याच क्षणी मनात आला. बाबा असते तर त्यांना विचारले असते. ते असो.

रात्री एरिक लिडेल आठवला. शुक्रवारी मुलांना त्याचीही गोष्ट सांगितली होती: रविवार पाळायचा म्हणून १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो १०० मीटर धावला नाही आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. सगळे इथेच थांबतात, मीही थांबलो होतो. पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला आणि जपान्यांच्या वेइशियन येथील नजरकैदेच्या छावणीत १९४५ मध्ये वारला. त्या छावणीत मुले रविवारी हॉकी खेळू लागली, पंच नसल्यामुळे खेळाची मारामारी झाली, आणि पुढच्या रविवारी ज्याने स्वतःसाठी रविवार कधी मोडला नव्हता तो लिडेल शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला, अशी आठवण तिथे वाढलेल्यांनी सांगितली आहे. पदकापेक्षा मला आता ही शिट्टी मोठी वाटते. आमच्या मैदानावर पंच नसतो. प्रत्येकाने आपल्या बाजूची रेघ आपण सांगायची, एवढाच करार. देवळातल्या कमिटीत मात्र आम्ही अकरा पंच आहोत, आणि तिथल्या हिशेबाच्या बाबतीत मागच्या महिन्यात मी ज्या आवेशाने बोललो होतो त्याविषयी आज लिहिणार नाही.

आज सकाळी सरांना गाठले. ते बुटांच्या नाड्या बांधत होते. रविवारभर घोटलेली वाक्ये एका दमात म्हणून टाकली: शटल आत होते, मला दिसले होते, फक्की मी पुसली. सरांनी मान वर करून विचारले, "कुठलं शटल?"

मी पुन्हा सांगितले. त्यांनी आठवण्याचा प्रयत्न केला, निदान तसा चेहरा केला, आणि म्हणाले, "त्या गेममध्ये तू नेटजवळचे दोन ड्रॉप सोडलेस, ते मात्र लक्षात आहे. हल्ली पळत नाहीस तू." चहा-वडापावाचे पैसे पुढे केले तर घेईनात. बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत देण्याची भाषा केली होती. माझे तर एकपटही कोणी घेत नव्हते. त्यांना खरेच आठवत नव्हते की त्यांनी तेव्हाच पाहिले होते आणि आज मला सोडवण्यासाठी विसरल्याचा बहाणा केला, हे मला कळलेले नाही, आणि विचारण्याचे धाडसही होत नाही. पहिले खरे असेल तर मी दोन दिवस फुकट तळमळलो. दुसरे खरे असेल तर आज त्यांनीही माझ्यासाठी एक खोटा निर्णय दिला आहे, आणि तो मी निमूटपणे मान्य केला आहे.

मग खेळलो. पहिल्याच गेममध्ये ६-४ वर सरांचे शटल पुन्हा माझ्या मागच्या रेघेकडे गेले, आणि ते जमिनीला टेकण्यापूर्वीच मी ओरडलो, "आत! आत!"

माझ्या जोडीदाराने रॅकेट काखेत मारली, मागे चालत गेला आणि चपलेच्या टोकाने मातीतली खूण दाखवली. ती रेघेच्या बाहेर चांगली वीतभर होती. "हे आत?" त्याने विचारले. "डोळे तपासून घे." नेटच्या पलीकडे सर एवढ्या जोरात हसत होते की त्यांना गुडघा धरून उभे राहावे लागले. यापुढे मागची रेघ तो पाहणार आहे, आणि मी तोंड उघडायचे नाही, असे ठरले आहे.