रोबी हाउस: आडव्या दरजांचे घर

शिकागोच्या दक्षिण भागात, हाइड पार्कमधील वुडलॉन अव्हेन्यूवर, १९१० मध्ये बांधून पूर्ण झालेले रोबी हाउस उभे आहे. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या प्रेअरी शैलीचे, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशाला साजेशा आडव्या रेषांच्या घरांच्या शैलीचे, परिपक्व रूप म्हणून वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ते परिचित असते. छायाचित्रांत मात्र नजर पुढे झेपावणाऱ्या छपरावरच खिळते आणि ज्या वीटकामामुळे त्या छपराला अर्थ येतो, ते मागे पडते. माझ्या मते हे घर आधी जवळ जाऊन, भिंतीपाशी उभे राहून पाहावे.

येथील वीट नेहमीची नाही. रोमन वीट या नावाने ओळखली जाणारी ही वीट जवळपास फूटभर लांब आणि जेमतेम दीड-पावणेदोन इंच जाड आहे; तिच्या तांबूस रंगात लोहाचे गडद ठिपके आहेत. थरांमधल्या आडव्या दरजा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, फिकट मसाल्याने भरून आत खोल कोरल्या आहेत, तर विटांमधल्या उभ्या दरजा विटेच्याच रंगाच्या मसाल्याने पृष्ठभागाबरोबर सपाट भरल्या आहेत. त्यामुळे उन्हात प्रत्येक आडव्या दरजेत सावलीची रेघ उमटते, उभा सांधा जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंत सुट्या विटांची न वाटता लांबच लांब पट्ट्यांची वाटते. कठड्यांच्या माथ्यावर बसवलेल्या फिकट चुनखडीच्या शिळा हीच रेषा अधिक ठळक करतात. भोवतालच्या सपाट गवताळ प्रदेशाच्या क्षितिजाशी घराचे नाते जोडण्याचा राइट यांचा विचार येथे गवंड्याच्या थापीपर्यंत पोहोचला आहे, आणि या घराची थोरवी मला त्यातच दिसते.

भार वाहण्याचे काम मात्र एकट्या विटेचे नाही. छपरात आणि सज्जांत पोलादी तुळया दडलेल्या आहेत. त्यांच्याच बळावर पश्चिमेकडील छप्पर शेवटच्या विटांच्या आधारापलीकडे सुमारे २० फूट अधांतरी पुढे जाते. पोलाद झाकले म्हणजे बांधकामाशी प्रतारणा झाली, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. एवढा आधारहीन विस्तार केवळ विटेला पेलणारा नाही, हे पाहणाऱ्याला लगेच उमगते आणि तसे उमगावे अशीच ही रचना आहे. खोल वळचणीमुळे उन्हाळ्यातले डोक्यावरचे ऊन काचांपासून दूर राहते, हिवाळ्यातले तिरके ऊन मात्र आत येते.

मुख्य मजल्यावर बैठक आणि जेवणघर यांच्यामध्ये भिंत नाही, केवळ शेकोटीचा विटांचा खांब आहे, आणि त्याच्याही वरच्या भागात मोकळी जागा ठेवल्यामुळे छत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसते. बंदिस्त खोल्यांची रांग म्हणजे घर, ही त्या काळची रूढ समजूत येथे मोडली गेली. घराचे मालक फ्रेडरिक रोबी हे सायकली आणि मोटारींच्या सामानाच्या व्यवसायातले तरुण उद्योजक होते. आपल्याला रस्ता दिसावा, पण रस्त्यावरच्यांना आपण दिसू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. सज्जाच्या विटांच्या कठड्याने आणि १७४ रंगीत काचचित्रांच्या तावदानांनी ती पूर्ण केली. तीन मोटारींचे गॅरेज घरालाच जोडलेले असणे, हे १९१० साली नवलाचे होते.

१९०९ च्या शरद ऋतूत राइट युरोपला निघून गेले, तेव्हा काम अपुरे होते. अंतर्गत सजावटीची आणि फर्निचरची जबाबदारी पुढे वास्तुविशारद मॅरियन माहोनी आणि अंतर्गत सजावटकार जॉर्ज नीडेकेन यांनी सांभाळली. त्यांचा वाटा क्वचितच सांगितला जातो. माहोनी पुढे पती, वास्तुविशारद वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा हिच्या आराखड्यामुळे प्रसिद्ध झाल्या आणि १९३६ मध्ये पतीच्या कामात हातभार लावण्यासाठी लखनौला आल्या. तेथेच १९३७ मध्ये ग्रिफिन यांचे निधन झाले.

रोबी कुटुंबाला हे घर फार काळ लाभले नाही. फ्रेडरिक यांच्या वडिलांचे कर्ज आणि मोडलेला संसार यांमुळे १९११ मध्येच ते विकावे लागले. १९२६ मध्ये ते शिकागो थिऑलॉजिकल सेमिनरी या धर्मशिक्षण संस्थेकडे गेले आणि या संस्थेने १९५७ मध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी ते पाडण्याचे ठरवले. तेव्हा ८९ वर्षांचे राइट स्वतः विरोध करण्यासाठी तेथे आले होते. पुढच्याच वर्षी विल्यम झेकेनडॉर्फ या बांधकाम व्यावसायिकाने ते विकत घेतले आणि १९६३ मध्ये शिकागो विद्यापीठाला दान केले. त्याच वर्षी घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दीर्घ काळ चाललेले जीर्णोद्धाराचे काम २०१९ मध्ये पूर्ण झाले. राइट यांच्या ज्या आठ वास्तू त्या वर्षी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्र नोंदल्या गेल्या, त्यांत हे घरही आहे.