ब्राहे घराणं बघायचंय? मग थेट बेटावर जा

स्वीडनच्या ब्राहे या सरदार घराण्याचा पडका वाडा म्हणजे ब्राहेहूस. तिथे ग्रेन्ना गावाहून पायी जाऊ नका. आम्हाला "सरोवराकाठची निवांत वाट" म्हणून पाठवण्यात आलं. चढ उभा आहे, पण सह्याद्रीत फिरणाऱ्यांना त्याचं काही वाटणार नाही. संताप येतो तो वर पोचल्यावर. अवशेषांना अगदी खेटून ई-4 महामार्ग जातो, ट्रकचा घरघराट क्षणभर थांबत नाही, आणि गाडीवाले शेजारच्या थांब्यावर उतरून आरामात आलेले असतात. तुम्हीही गाडीनेच जा. अर्धा तास पुरे.

धाकट्या पेर ब्राहेने हा वाडा बायकोसाठी, क्रिस्टिना स्टेनबॉकसाठी, बांधायला घेतला. ती 1650 मध्येच वारली. 1708 च्या आगीनंतर फक्त भिंती उरल्या. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून खाली वेत्तर्न सरोवर आणि त्यातलं लांबट विसिंग्सो बेट दिसतं, तेवढं मात्र डोळे भरून बघा.

खरे ब्राहे त्या बेटावर भेटतात. ग्रेन्नाहून फेरीबोट साधारण 25 मिनिटांत पोचवते. थोरला पेर ब्राहे म्हणजे राजा गुस्ताव वासाचा भाचा. 1520 च्या स्टॉकहोम हत्याकांडात, डॅनिश राजाने स्वीडिश सरदारांना ठार केलं तेव्हा, त्याच्या बापाचं मुंडकं उडवलं गेलं होतं. 1561 मध्ये स्वीडनमध्ये पहिल्यांदा काउंट, म्हणजे वरच्या दर्जाचे सरदार, नेमले गेले, त्यात हा होता. त्याचा नातू म्हणजे धाकटा पेर. त्याने 1652 मध्ये ग्रेन्ना वसवलं, आणि त्याआधी फिनलंडचा गव्हर्नर-जनरल असताना 1640 मध्ये तुर्कूला विद्यापीठ उभं राहिलं तेही त्याच्याच पुढाकाराने. तो 1680 मध्ये गेला आणि जहागीर राजाने परत घेतली. बेटावरच्या ब्राहेंच्या विसिंग्सबोर्ग किल्ल्यात पुढे रशियन युद्धकैदी ठेवले. 1718 मध्ये तो जळाला. धक्क्याजवळ उभी दिसते ती त्याची उरलेली भिंत. एवढं मोठं घराणं आणि मागे एवढंच, याने मला तरी गलबलून आलं.

1636 चं ब्राहे चर्च चुकवू नका. बाकी सगळं राहिलं तरी चालेल.

खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे इथे शोधू नका, तो डेन्मार्कच्या ब्राहेंपैकी.

सायकलवाल्याने आमच्याकडून दोन-तीन तासांसाठी पूर्ण दिवसाचं भाडं घेतलं, हेल्मेटचे वेगळे. सरळ लूट. किल्ला आणि चर्च पायी सहज होतात. दक्षिण टोकाच्या नेस किल्ल्यापर्यंत जायचं असेल तरच सायकल घ्या, आणि भाडं आधी ठरवा. परतीच्या बोटीची वेळ उतरताच बघून ठेवा. उन्हाळा सरला की फेऱ्या कमी होतात.