आमची वाटचाल: दोन स्क्रीन, चार स्क्रीन आणि मधला तो डबा

बेळगावात आमचं दुकान २००७ पासून आहे, आधी सीआरटी मॉनिटरची दुरुस्ती, मग असेंबल्ड कॉम्प्युटर, आणि आता निम्मा धंदा कॉम्प्युटर आणि स्क्रीनच्या मधे लागणाऱ्या एका तळहाताएवढ्या डब्याचा, म्हणजे स्प्लिटर, स्विच, केव्हीएम असली कामं. लोक कॉम्प्युटर ऑनलाइन घ्यायला लागले तेव्हा आमच्या मार्जिनचं काय झालं ते सांगायला नको, पण गंमत बघा, तेच लोक ऑनलाइन मागवलेला डबा पिशवीत घालून आमच्याकडंच यायला लागले, "अण्णा, लावलंय पण चालंना झालंय" म्हणत. डबा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. काम वेगळं आणि घेतलेली वस्तू वेगळी, एवढाच घोळ.

उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचे मालक असेच आले होते. एका मॉनिटरवर ड्रॉइंग आणि दुसऱ्यावर सीएनसीचा प्रोग्रॅम दिसायला पाहिजे होता, त्यांनी आणला होता स्प्लिटर, मग काय, दोन्हीकडं ड्रॉइंगच. स्प्लिटर म्हणजे जत्रेतले भोंगे, माइक एक असला की सगळ्या भोंग्यांतून तेच ऐकू येणार. बाजारात "एकाचे दोन" म्हणून विकतात आणि माणसाला वाटतं दोन वेगळे स्क्रीन झाले. त्यांच्या कॉम्प्युटरच्या मागं बघितलं तर मॉनिटर लावायची दोन भोकं, एचडीएमआय वापरात आणि शेजारी डिस्प्लेपोर्ट मोकळाच, डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल लावली, विंडोजचं बटण आणि पी दाबून एक्सटेंड केलं, म्हणजे दोन्ही स्क्रीनवर वेगळं चित्र, झालं काम. (ही साधी केबल एकाच दिशेनं चालते हं, कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय. उलटं लावून दिवसभर बसलात तरी काही येणार नाही.) बिल झालं केबलचं. घरी आमची मिसेस हिशेब बघते, ती म्हणाली असं केलंत तर दुकान कसं चालायचं, पण त्याच मालकांनी पुढं आजूबाजूची कितीतरी शॉप आमच्याकडं पाठवली.

तेव्हापासून कोणी स्प्लिटर मागितला की आधी किंमत सांगत नाही. मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, एक की जास्त? सगळीकडं तेच चित्र की वेगवेगळं? एक मशीन आणि तेच चित्र असेल तर स्प्लिटर, मशीन जास्त आणि स्क्रीन एकच असेल तर स्विच, त्याच्यासोबत कीबोर्ड माउसपण एकच पाहिजे असेल तर केव्हीएम, आणि एकाच मशीनची वेगवेगळी चित्रं पाहिजेत तर यातलं काहीच नको, ग्राफिक्स कार्डला किती आउटपुट आहेत ते बघा. आणि मशीनच्या मागचा फोटो व्हॉट्सअपला टाका म्हणतो, कारण फोनवर "तो निळा पिनवाला" एवढंच कळतं, म्हणजे व्हीजीए, १९८७ पासूनचं ते पोर्ट आमच्या भागात अजून जिवंत आहे.

सगळ्यात डोकं खाल्लं ते चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याच्या काट्यानं. उसाचं वजन म्हटलं की शेतकऱ्याचा जीव तिथंच असतो, काटा मारतात ही ओरड काय आजची नाही, म्हणून कॉम्प्युटरवर दिसतं तेच बाहेर मोठ्या टीव्हीवर दाखवायचं ठरलं. आत जुना चौकोनी व्हीजीए मॉनिटर, बाहेर फुल एचडी टीव्ही. मधे एचडीएमआय स्प्लिटर, आतल्या मॉनिटरला कन्व्हर्टर. चालू केलं तर टीव्हीवर झकास आणि आत "आउट ऑफ रेंज", वायरी अदलाबदल केल्या तर आत चालू आणि बाहेर काळं. दोष कुणाचाच नव्हता. प्रत्येक स्क्रीन कॉम्प्युटरला सांगत असतो मला एवढं रिझोल्यूशन झेपतं, त्याला ईडीआयडी म्हणतात, आणि तो स्प्लिटर फक्त पहिल्या पोर्टच्या स्क्रीनचं ऐकत होता. दोन्ही स्क्रीनला झेपेल असं ठरवायला पाहिजे, म्हणून ईडीआयडी सेट करायची बारकी बटणं असलेला स्प्लिटर घातला आणि १०२४ बाय ७६८ वर आणलं. इंजिनिअर साहेबांना ते जुनाट वाटलं, टीव्हीच्या दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या आल्या, पण रिझोल्यूशन कमी केल्यावर आकडे मोठे झाले की, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या वाचता येतात. बाहेर थांबलेले एक आजोबा म्हणाले, "आता बरं दिसायलंय".

स्विचमधे आमच्याकडं गिऱ्हाईक जास्त सीसीटीव्हीवाले. केबिनमधे टीव्ही एक, त्याला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) पण आणि कॉम्प्युटर पण. ऑटो स्विच घेऊ नका म्हणून सांगतो, डीव्हीआर कायम चालू असतो, कॉम्प्युटर जरा झोपला की स्क्रीन डीव्हीआरवर उडी मारतो आणि मालक वैतागतात. बटणवाला घ्या.

गणपतीत वेगळीच तऱ्हा. गल्लीत चार टीव्ही, मंडळाच्या पोरांना वाटतं स्प्लिटर घेतला की लांबच्या लांब साधी केबल ओढायची, पण दहा-पंधरा मीटरच्या पुढं चित्र चमचमतं नाहीतर गायबच होतं, तिथं कॅट सिक्स वायरीवर (नेटवर्कची वायर) चालणारा एक्स्टेंडर लागतो. आणि सेटटॉप बॉक्स लावून मॅच दाखवायची असेल तर चित्राची कॉपी होऊ नये म्हणून एचडीसीपी नावाचं कुलूप असतं, एखादा जुना टीव्ही त्यात बसत नसला की स्क्रीन काळा. आरतीच्या कॅमेऱ्याला ही भानगड नाही.

सीमेवरचा धंदा म्हणजे कागद जास्त. आधी शिनोळीला माल द्यायचा तर सी फॉर्म, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा कराचा कागद, शिनोळी म्हणजे बेळगावला चिकटूनच पण राज्य महाराष्ट्र. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची सोपी स्कीम) घेतलं असतं तर हिशेब सोपा झाला असता, पण त्यात दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही, म्हणून रेग्युलरच ठेवलं. रिटर्नची कटकट आहे, पण शिनोळी, चंदगडकडचं महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक टिकलं.

आता नवीन डोकेदुखी टाइप सीची. लॅपटॉपला एकच भोक, त्यातूनच चार्जिंग, त्यातूनच दोन मॉनिटर, आणि प्रत्येक टाइप सी मधून चित्र येतंच असं नाही, पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा विजेचा बाण दिसतो का बघायचं, नसेल तर मॉडेल नंबर पाठवा, बघून सांगतो. डॉक (एका टाइप सी मधून मॉनिटर, चार्जिंग सगळं काढायचा डबा) घेऊन मग विचारू नका, आधी विचारा. रविवारी दुकान बंद असतंय, फोटो टाकून ठेवा, सोमवारी सकाळी उत्तर देतो.