तुम्ही विचारलेत म्हणून: तीच माणसे परत येतात, मग रात्री जागून उपयोग काय?

मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात रात्रपाळीचा नर्स आहे. हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला आहे, ओळखीपाळखीच्या लोकांनी विचारला आहे, इतर वॉर्डांत काम करणाऱ्या माझ्याच सहकाऱ्यांनी विचारला आहे, आणि एकदा पहाटे चारला एका रुग्णाने स्वतःकडे बोट दाखवून विचारला आहे. इतकी वर्षे मी ‘कुणीतरी करायलाच हवे’ एवढे म्हणून वेळ मारून नेली. आज नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

दम्याचा रुग्ण वर्षात तिसऱ्यांदा धाप लागून आला, तर त्याला ऑक्सिजन लावणाऱ्या नर्सला कोणी असे विचारत नाही. हे मी रागाने म्हणतो आणि तो राग खोटा नाही. पण व्यसनमुक्तीच्या वॉर्डात एखादा चौथ्यांदा दाखल होतो, तेव्हा त्याला दारात पाहून माझ्याही मनात पहिला शब्द ‘पुन्हा?’ हाच येतो, हेही तितकेच खरे आहे. तुमचा प्रश्न मला झोंबतो, कारण तो अधूनमधून माझाही असतो.

दिवसा वॉर्डात समुपदेशन असते, गटाची बैठक असते, डॉक्टरांचा राउंड असतो. रात्री ही सगळी वर्दळ ओसरते आणि माणूस आपल्या थरथरत्या अंगासह एकटा उरतो. दारू सोडवण्यासाठी आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, शेवटची कधी घेतली, कारण तिथून घड्याळ सुरू होते: थरथर आणि घाम बहुधा पहिल्या 6 ते 24 तासांत, फिटचा धोका साधारण 48 तासांपर्यंत, आणि ज्याला आम्ही डीटी म्हणतो तो भ्रम बहुतेक वेळा 48 ते 96 तासांच्या दरम्यान. हेरॉइनवाल्यांचे वेगळे असते; त्यांचे हाल पाहवत नाहीत, पण त्या हालांनी सहसा जीव जात नाही. दारू बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासाने, म्हणजे विथड्रॉवलने, जाऊ शकतो, आणि गोष्ट अशाच एका माणसाची आहे.

त्याची ओळख पटेल असे काही लिहीत नाही. ती त्याची वॉर्डातली दुसरी रात्र होती. सौम्य बोलणारा, प्रत्येक गोळीला ‘थँक्यू ब्रदर’ म्हणणारा. एक वाजता मी सीवा, म्हणजे दारूच्या विथड्रॉवलची तीव्रता मोजण्याचा तक्ता, भरला. मळमळ, थरथर, घाम, अस्वस्थता असे त्यात 10 मुद्दे असतात आणि बेरीज जास्तीत जास्त 67 होते. त्याची 9 आली. पुढची तपासणी दोनला होती.

शेजारच्या खोलीत एक तरुण मुलगी होती, जिला जगायचे नव्हते आणि जिच्याकडे दर 15 मिनिटांनी पाहून नोंद करायची होती. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. पावणेदोनला मी दारात उभा राहिलो, तेव्हा तिने पहिल्यांदा मान वळवली आणि बोलायला सुरुवात केली. अशा वेळी घड्याळाकडे पाहणे म्हणजे तिला पुन्हा भिंतीकडे ढकलणे आहे, असे मला वाटले. आजही वाटते. मी खाली बसलो. दोनला जेमतेम मिनिटभर उठून त्याच्या खोलीत टॉर्चचा उजेड जमिनीवर टाकला, छाती वरखाली होताना पाहिली, ‘झोपेत आहे’ असे लिहिले आणि परत गेलो. दोन रात्रींनंतर त्याचा डोळा लागला होता. झोपलेल्या माणसाला आकडे भरण्यासाठी उठवणे मला क्रूर वाटले.

तीन वीसला मी पुन्हा गेलो, तेव्हा तो खाटेच्या कडेला बसला होता. चादरीवरून चिमटीने काहीतरी उचलून तो डाव्या तळहातावर ठेवत होता, अगदी हलक्या हाताने, एकेक करून. तळहात रिकामा होता. मला पाहून म्हणाला, ‘दादा, तिथेच थांबा. खाली पण आहेत, तुमच्या पायाखाली येतील.’ त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मी मनगट धरले, नाडी 130 च्या वर होती. आपण कुठे आहोत, असे विचारले तर म्हणाला, ‘कामावर.’ मी बेल दाबली आणि तेवढ्यात त्याची मान एका बाजूला वळली. फिट दोन मिनिटांच्या आत थांबली. त्याला कुशीवर धरून मी वेळ मोजत होतो, ड्यूटी डॉक्टरांनी शिरेतून लोराझेपाम दिले, आणि उजाडायच्या आत तो अतिदक्षता विभागात होता.

तो वाचला. सकाळी त्याची पत्नी आली. तिने एवढेच विचारले, ‘रात्री झोपले होते ना थोडे?’ मी म्हणालो, ‘हो, झोपले होते.’ त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण त्या प्रश्नाच्या आडून तिला जे जाणून घ्यायचे होते, ते मी सांगितले नाही.

त्या रात्रीचा मी आजच्या माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो, आधीचा स्कोअर कमी होता, अशा वेळी झोपू देणारेही पुष्कळ असतात, आणि एकाच माणसाने एका वेळी किती खोल्यांत असावे? हे सगळे मला मान्य आहे. पण नाडी मोजायला माणसाला उठवावे लागत नाही. मनगटावर दोन बोटे आणि अर्धे मिनिट पुरते. कपाळाला हात लावला असता तर घामही कळला असता. यावर तो विचारतो, त्या अर्ध्या मिनिटात मुलगी पुन्हा गप्प झाली असती तर? माझ्याकडे उत्तर नाही. ती सुखरूप घरी गेली, पण तेवढ्याने हा हिशेब मिटत नाही.

आता ‘तीच माणसे’ याविषयी. तुम्हाला परत येणारी दिसतात. न येणाऱ्यांतली काही खरोखर सावरलेली असतात. काहींचे काय झाले हे आम्हाला कधीच कळत नाही. हेरॉइन सोडून आठवडा झाला की शरीराची सवय उतरते, आणि बाहेर जाऊन पूर्वीएवढेच घेतले तर श्वास थांबू शकतो. म्हणून डिस्चार्जच्या आदल्या रात्री मी प्रत्येकाला सांगतो, की जुनी मात्रा आता तुम्हाला झेपणारी नाही. काही जण दुखावतात. ‘म्हणजे आम्ही घेणारच, असे तुम्ही धरून चालता,’ असे एकाने तोंडावर म्हटले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण मी सांगणे थांबवलेले नाही. परत आलेला माणूस निदान जिवंत आहे. एवढ्याने तुमचे समाधान होणार नाही. माझेही रोज होत नाही.

तो सात महिन्यांनी परत आला. रात्रीचे अकरा वाजले होते. मला त्याने ओळखले नाही, ती रात्र त्याच्या आठवणीत नाहीच. शेवटची कधी घेतली, असे विचारले तर या वेळी त्याने नेमकी वेळ सांगितली. दुसऱ्या रात्री दोन वाजता तो गाढ झोपेत असताना मी त्याचे मनगट हातात घेतले. तो दचकून जागा झाला आणि चिडून म्हणाला, ‘आता कुठे डोळा लागला होता.’ नाडी 88 होती. त्याने पाठ फिरवली. मी नोंद केली आणि पुढच्या खोलीत गेलो. त्याची पत्नी दुसऱ्या दिवशी भेटली. तिला मी अजून काही सांगितलेले नाही.