जुनी बीटल: ठेवायची, रिस्टोअर करायची की विकायची? माझा अनुभव

माझी गाडी 1968 ची फोक्सवॅगन बीटल, 1500 इंजिनवाली. चालू होती, पण बराचसा वेळ उभीच असायची. मागच्या सीटखाली ओल यायची आणि उजवं दार लावताना किंचित उचलून घ्यावं लागायचं. ज्याला विचारावं त्याचं उत्तर तयार. एक गट म्हणे, पूर्ण रिस्टोअर कर, नवीकोरी होईल. दुसरा म्हणे, मागणी आहे तोवर काढून टाक. दोन्हीकडच्या कुणी गाडीखाली वाकून पाहिलं नव्हतं.

मी स्वतःला एकच नियम घालून घेतला: निर्णय होईपर्यंत गाडी उघडायची नाही. चालती आणि जशी आहे तशी जुनी गाडी घेणारे मिळतात. तीच गाडी इंजिन एका कोपऱ्यात, दारं भिंतीला टेकवलेली आणि बोल्ट डब्यात अशा अवस्थेत दाखवली की भाव पडतो. काय काय हरवलंय हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो सगळंच हरवलंय असं धरून किंमत सांगतो. उत्साहाच्या भरात सुट्या केलेल्या आणि तशाच विकाव्या लागलेल्या गाड्या कमी नाहीत.

नियमाला अपवाद केला फक्त पेट्रोलच्या होज पाइपांचा. बीटलची टाकी पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे पेट्रोल अख्ख्या गाडीतून मागे येतं आणि शेवटचा टप्पा रबराच्या होजमधून पार करतं. हे रबर वयानं कडक होऊन तडकतं, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं तर लवकरच. गळणारं पेट्रोल पडतं तापलेल्या इंजिनवर, आणि त्या इंजिनचा केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, म्हणजे पेटला की विझवणं अवघड. माझा जुना होज वाकवला तर वळणावर बारीक चिरा उघडल्या. ठेवा, विका, काहीही करा, हे काम आधी.

मग पत्रा. बीटलचा निकाल इंजिनवर लागत नाही, पत्र्यावर लागतो. इंजिन मुख्यतः चार ठिकाणी धरलेलं असतं, उतरवून बाहेर काढणं सोपं, आणि दुसरं मिळतंही. पत्रा सडला तर मात्र गाडीच संपते. मागची सीट काढली. उजव्या बाजूला, बॅटरीखालचा फ्लोअर ॲसिडनं खाल्लेला होता. पेचकसाचं टोक टेकवलं तर पापुद्रे सुटले आणि खालची जमीन दिसली. हे बीटलचं ठरलेलं दुखणं, त्याचं फार वाईट वाटलं नाही. फ्लोअरचा तेवढा तुकडा तयार मिळतो.

खरी भीती हीटर चॅनलची होती. दोन्ही दारांखालून जाणारे हे पत्र्याचे लांब पोकळ खोके इंजिनकडची गरम हवा आत आणतात, पण बॉडीचा ताणही तेच पेलतात. बाहेरून रंग मारला की ते छान दिसतात. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक मी खालून फिरवत नेलं. डावीकडे ते सगळीकडे चिकटलं. उजवीकडे दाराच्या मध्यावर हातातून सुटलं, म्हणजे तिथं लोखंड नव्हतं, लांबी (पुट्टी) भरली होती. खात्रीसाठी उजव्या जॅक पॉइंटवर गाडी सावकाश उचलली आणि नजर दारावर ठेवली. वरची फट डोळ्यांदेखत कमी झाली आणि दार चौकटीला घासू लागलं. बॉडी वाकत होती. दार उचलून का लावावं लागतं, हे त्या क्षणी कळलं.

इंजिनचं पटकन उरकलं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं आलं. क्रँकची पुली धरून पुढेमागे ओढली तर खटखट नव्हती. गेज लावून पाहिलं, एंड प्ले, म्हणजे क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) पुढेमागे होणारी हालचाल, 0.15 मिमीच्या आत. म्हणजे इंजिनला हात लावायची गरज नव्हती.

आता हिशोब. तीन आकडे कागदावर मांडले: गाडी आज आहे तशी किती जाईल, पूर्ण रिस्टोअर झाल्यावर किती जाईल आणि रिस्टोअरला किती लागतील. पहिले दोन आकडे जाहिरातींतून घेतले नाहीत; जाहिरातीत लोक मागतात, मिळतं तेवढंच असं नाही. खरोखर विकल्या गेलेल्या गाड्यांचेच धरले. पहिला आणि तिसरा मिळून दुसऱ्याच्या बराच वर गेला. यात नवल नाही. 2003 साली मेक्सिकोत शेवटची बीटल बाहेर पडली तोवर 2 कोटी 15 लाखांहून जास्त बनल्या होत्या. दुर्मिळ नाही, म्हणून भाव चढत नाही. दुर्मिळ नाही, म्हणूनच पत्र्याचे तुकडे अजून मिळतात. नफ्यासाठी रिस्टोअर करणं माझ्या बाबतीत बाद झालं.

विकणंही बाद झालं, पण फक्त पैशामुळे नाही. वाकणारी बॉडी सांगून विकली तर येतील ते पैसे फारच थोडे, न सांगता विकणं मला जमणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला ती चालवायला आवडते, फक्त तेवढ्यासाठी नव्या रंगाची गरज नव्हती. मूळ रंग उडालाय, बॉनेटवर तर खालचा प्रायमर दिसतो. तो तसाच ठेवला. चमकणारी गाडी मी पार्किंगमध्ये सोडून बाजारात जाऊ शकलो नसतो.

तेव्हा काम ठरलं ते एवढंच: उजवा चॅनल आणि फ्लोअरचा मागचा तुकडा. डेंटिंगवाल्याशी बोलताना एका गोष्टीवर अडून बसलो: चॅनल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घ्यायचे, नाहीतर बॉडी सरकते आणि मग कुठलंच दार नीट बसत नाही. त्यानंच आणखी एक सुचवलं: पक्कं वेल्डिंग करण्याआधी जागोजागी टाके मारून दार लावून बघायचं. दोनदा हलवावं लागलं, तिसऱ्यांदा दार एका बोटानं लागलं. चॅनलच्या पोकळीत आतून मेणाचा थर फवारून घेतला, आणि काम चालू असतानाचे फोटो कागदपत्रांच्या फायलीत लावले. उद्या विकायची वेळ आली तर आत काय आहे, हे घेणाऱ्याला चुंबक न फिरवता दिसेल.

डावा चॅनल अजून घट्ट आहे. दरवर्षी एकदा गाडी त्या बाजूनं जॅकवर घेतो आणि दाराची फट मोजतो. तीही कमी व्हायला लागली तर तीन आकड्यांचा कागद पुन्हा काढायचा.