आधी संवाद, मग धमाका: मर्यादित खर्चात स्पीकर आणि हेडफोन निवडताना

आमच्या घरी स्पीकर घेण्याचा विषय निघाला तो चित्रपटांतील स्फोटांसाठी नव्हे, तर नाटकांतील वाक्यांसाठी. भिंतीला चिकटून बसणारा नवा टीव्ही आल्यापासून चित्र उत्तम दिसू लागले, पण माझे सासरे, अण्णा, सतत आवाज वाढवायला सांगू लागले. आणि आवाज वाढवला की पार्श्वसंगीत घर डोक्यावर घेई, वाक्य मात्र पूर्वीइतकेच पुसट राही. इंदूरच्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकांना पुढच्या रांगेत बसून शब्द न् शब्द टिपणाऱ्या माणसाला घरी बसून अर्धे नाटक अंदाजाने समजून घ्यावे लागत होते. पातळ टीव्हीला समोर स्पीकर बसवायला जागा नसल्यामुळे तो आवाज बहुधा खाली किंवा मागे सोडतो, आणि आपल्याला ऐकू येतो तो भिंतीवरून परतलेला.

बाजारात जाण्याआधी अण्णांच्या कानांची तपासणी करून घेतली आणि हे करायलाच हवे असे माझे मत आहे. वयानुसार कान मंदावतात ते बहुधा उंच कंप्रसंख्येच्या बाजूने. स्वर साधारण खालच्या पट्टीत असतात, पण ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांसारख्या व्यंजनांची ओळख मुख्यतः २००० हर्ट्झच्या वरच्या भागातून पटते. त्यामुळे माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. अण्णांच्या ऑडिओग्राममध्येही, म्हणजे तपासणीच्या आलेखात, रेषा उजवीकडे, उंच कंप्रसंख्येकडे उतरत गेली होती. श्रवणयंत्राची गरज तूर्त नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. याचा खरेदीशी थेट संबंध असा की नुसता बास, म्हणजे खोल आवाज, वाढवणारी यंत्रणा अशा कानांना मदत करण्याऐवजी अडथळाच करते, कारण जड आवाज नाजूक व्यंजनांना झाकून टाकतो.

एकूण ४५,००० रुपये खर्चायचे असे ठरवून मी जेल रोड आणि महाराणी रोड पालथे घातले. दुकानांतून मुख्यतः दोन गोष्टी पुढे केल्या जात होत्या: वॅटचा आकडा आणि स्पीकरांची संख्या. “मॅडम, पूरा पाँच हज़ार वॉट है,” असे एका विक्रेत्याने ज्या संचाबद्दल सांगितले, त्याच्या मागच्या पट्टीवर वीजवापर ६० वॅट छापलेला होता. भिंतीतून ६० वॅट घेणारे यंत्र सतत हजारो वॅट बाहेर कसे टाकणार, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण दुकानात गर्दी होती. पीएमपीओ नावाचा आकडा हा क्षणभराच्या कल्पित कमाल शक्तीचा असतो. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा आकडा. त्यातही वॅट दुप्पट केले तर पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीत तो किती मोठा वाजतो हे, अधिक बोलकी असते: ८८ डेसिबलचा स्पीकर ८५ डेसिबलच्या स्पीकरइतकाच आवाज निम्म्या शक्तीत देतो. हा आकडा माहितीपत्रकात असतो, पण तो कोणी आपणहून सांगत नाही.

साउंडबारचा, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या एका लांबट पेटीचा, पर्याय मी गंभीरपणे तपासला. लहान खोलीत एकट्या-दुकट्याने पाहायचे असेल, तारा नको असतील, तर स्वतंत्र मधला स्पीकर असलेला, म्हणजे निदान ३.१ (आवाजाच्या तीन वाहिन्या आणि खोल आवाजाचा एक सबवूफर) लिहिलेला साउंडबार हे शहाणपणाचे उत्तर आहे. आमच्या किमतीत दिसलेल्या बहुतेक संचांमध्ये मात्र मधला भाग नव्हताच. दोन वाहिन्या आणि हादरवणारा सबवूफर, एवढाच ऐवज होता. शिवाय साउंडबारचा एखादा भाग बिघडला की बहुधा सगळेच बदलावे लागते. चिरंजीवांना पाच स्पीकरांचा तयार संच हवा होता. त्यातील हलके प्लॅस्टिकचे डबे ऐकल्यावर पाच सामान्य स्पीकरांपेक्षा तीन चांगले बरे, यावर घरात एकमत झाले, अर्थात त्याच्या मताची नोंद वेगळी झाली.

सुट्या स्पीकरांसाठी रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरांना शक्ती पुरवणारे यंत्र, लागतो आणि नवा रिसीव्हर घेतला की सगळे अंदाजपत्रक तिथेच संपते. त्यामुळे तो जुना घ्यायचा ठरला. अट एकच होती: त्यावर एचडीएमआयच्या एका खाचेपाशी ‘एआरसी’ (ऑडिओ रिटर्न चॅनल, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच तारेने परत आणण्याची सोय) लिहिलेले असावे. ही सोय २००९ मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ पासूनची आहे. जुना रिसीव्हर फोर-के चित्र पुढे नेऊ शकत नाही म्हणून लोक तो स्वस्तात काढतात. पण सेट-टॉप बॉक्स आणि इतर उपकरणे थेट टीव्हीला जोडून केवळ आवाज एआरसीच्या तारेने रिसीव्हरकडे परत आणला, तर त्या त्रुटीचा काही संबंधच उरत नाही. विजयनगरमधील एका गृहस्थांकडे असा रिसीव्हर १२,००० रुपयांना मिळाला. पैसे देण्यापूर्वी प्रत्येक खाच लावून पाहिली, आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते का ते ऐकले, काहीही न वाजवता आवाज वाढवून फुसफुस येते का ते तपासले आणि तासभर चालू ठेवून एखादी वाहिनी मधेच बंद पडत नाही ना याची खात्री करून घेतली.

पुढचे दोन आणि मधला असे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतील घेतले, कारण पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेले तर त्याच्या आवाजाची जात बदलता कामा नये. जोडीला १६,००० आणि मधल्याला ८,००० रुपये पडले. दोनच माणसे बरोबर मध्ये बसणार असतील तर मधल्या स्पीकरवाचून चालते, कारण दोन्हींच्या मधोमध आवाजाचा आभास तयार होतो. आमच्याकडे मात्र अण्णांची खुर्ची कडेला, खिडकीपाशी असते आणि तिथून सगळे संवाद एकाच बाजूने आले असते. ऐकताना मी ओळखीच्या गोष्टी वाजवल्या: पुरुषाच्या आवाजातील बातम्या, तबल्याचा डग्गा, नुसता तानपुरा. बातम्या देणारा माणूस माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला, तर तो स्पीकर बाद.

तारांसाठी वेगळी, महाग वस्तू घेतली नाही. महाराणी रोडवर विजेच्या दुकानात मिळणारी १.५ चौरस मिलिमीटरची दुपदरी तांब्याची वायर पुरते. आठ मीटर अंतराला दोन्ही पदर मिळून तिचा रोध साधारण ०.२ ओहम भरतो, जो ८ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य आहे. लाल-काळ्याची अदलाबदल मात्र होऊ देऊ नये. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर बास विरून जातो आणि मधला आवाज विस्कटतो. शंका आल्यास तारेच्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. धन टोक लाल तारेला असताना स्पीकरचा पडदा बाहेर येतो.

याहून मोठा फरक खोलीने केला. आमच्या दिवाणखान्यात कोटा फरशी आणि उघड्या भिंती आहेत. टाळी वाजवली की मागे झणझणाट उरत असे. जाड सतरंजी, समोरच्या भिंतीवरचे पडदे आणि पुस्तकांचे कपाट मागच्या भिंतीला सरकवणे, एवढ्यावर तो बराच कमी झाला. या वस्तू मधले आणि उंच आवाज शोषतात, बासवर त्यांचा परिणाम फारसा होत नाही. पण आम्हाला हवे होते तेवढे मिळाले. स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे, स्पीकरमधला उंच आवाजाचा लहान पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला आणि मधला स्पीकर टीव्हीखालच्या फळीच्या अगदी कडेला, किंचित वर कललेला, अशी मांडणी केली.

सगळे जोडल्यावरही पहिल्या नाटकात मधला स्पीकर गप्पच होता. नाटकांची बहुतेक चित्रीकरणे दोन वाहिन्यांचीच असतात, त्यामुळे मधल्यासाठी वेगळा आवाज त्यांत नसतो. रिसीव्हरवर ‘डॉल्बी प्रो लॉजिक टू’ हा प्रकार निवडला की दोन्ही वाहिन्यांत समान असलेला भाग, म्हणजे मुख्यतः संवाद, तो मधल्याकडे वळवतो. चित्रपटांसाठी टीव्हीच्या ध्वनी-मांडणीत पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम निवडावे लागते, म्हणजे मूळ आवाज सर्व वाहिन्यांसह रिसीव्हरकडे जातो. त्यानंतर मधल्याची पातळी ३ डेसिबलने वाढवली आणि रिसीव्हरला सबवूफर ‘नाही’ असे सांगितले, ज्यामुळे खोल आवाज पुढच्या जोडीकडे जातो. “सूनबाई, आता जरा कमी कर,” असे अण्णा म्हणाले तेव्हा चिरंजीवांनीही सबवूफरचा आग्रह तात्पुरता सोडला.

हेडफोन रात्रीसाठी हवे होते. ब्लूटूथचे हेडफोन नाटकाला गैरसोयीचे ठरले. ब्लूटूथने आवाज पाठवण्याच्या साध्या एसबीसी पद्धतीत आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका मागे पडू शकतो आणि ओठ आधी, शब्द नंतर असे होते. म्हणून तारेचे, कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हेडफोन ४,२०० रुपयांना घेतले. उघड्या पाठीचे अधिक मोकळे वाजतात, पण बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला शेजारच्या पलंगापर्यंत जातो. निवडताना चष्मा घालून बराच वेळ बसून पाहावे, कारण दांडीवरचा दाब दहा मिनिटांनी जाणवतो. गाद्या आणि तार सुटी मिळते का हेही विचारावे. रोध ३२ ओहम असल्यामुळे ते फोनवरही नीट वाजतात. रिसीव्हरला हेडफोन लावले की स्पीकर बंद होतात, त्यामुळे सर्वांनी एकत्र पाहताना त्यांचा उपयोग नाही. आवाजाचे बटण कुठवर न्यायचे याची खूण मी पट्टी लावून केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे आणि अण्णांना उरलेले कान जपायचे आहेत.

वायर, मधल्याचा तिरका आधार, सतरंजी आणि पडदे धरून उरलेल्या पैशांतले हजारभर रुपये शिल्लक राहिले. मागचे दोन स्पीकर अजून घेतलेले नाहीत, पण रिसीव्हरवर त्यांच्या जागा मोकळ्या आहेत आणि यंदाच्या रंगकामात त्यांच्या तारा भिंतीतील पाइपातून ओढून ठेवल्या आहेत.